फ्रीज घरचा, शिस्त कोल्ड स्टोरेजची

शेतकरी बंधूंनो, मथळ्यात फ्रीज दिसला म्हणून 'हा बायकांचा विषय' असं म्हणत पान उलटू नका. आजचा लेख मुख्यतः तुमच्यासाठीच आहे. फ्रीजमध्ये नको ती वस्तू नेऊन ठेवणारा माणूस बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुषच असतो. आमच्या घरी तो माझा थोरला भाऊ होता, आणि ते बघून गप्प बसणारा मी होतो.

आमची तासगाव भागात थोडी द्राक्षबाग आहे. डिसेंबरात घड बुडवायला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, तयार केलं होतं. ज्यांची बाग आहे त्यांना माहीत आहे, की जीएची पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, ती आधी स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावी लागते. तसं केलेलं द्रावण थोडं उरलं. महागाची वस्तू, टाकवत नाही. उन्हात राहिलं तर ताकद कमी होईल म्हणून भावाने ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि फ्रीजच्या दारात उभं केलं. मी ते पाहिलं होतं. 'उद्या हलवू' म्हणालो. तो उद्या मार्चपर्यंत आला नाही.

मार्चमध्ये एका दुपारी पुतणी शाळेतून आली. वय वर्षे पाच. फ्रीज उघडून तिने स्वतःच्या हाताने ती बाटली काढली, पेल्यात ओतली आणि आजीला विचारायला गेली, की ह्यात साखर घालू का. आईला वास आला म्हणून तिने पेला हातातून काढून घेतला. पोरगी घोटभरही प्यायली नव्हती. जीए हे काही जहाल विष नव्हे. पण त्याच बाटलीत उरलेलं कीटकनाशक असतं तर? आणि वास नसलेलं असतं तर? संध्याकाळी आई मला एवढंच म्हणाली, "गावाला शिकवत फिरतोस. औषध रानात आन् अन्न घरात, एवढं तुझ्या डिप्लोमात शिकवलं न्हाई व्हय रं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्या रात्री सगळा फ्रीज ओट्यावर रिकामा केला.

काय काय निघालं

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तीन दिवसांपूर्वीची आमटी. दोन वाट्या भात, कधीचा ते कुणालाच आठवेना. किलोभर बटाटे, त्यांना डोळे फुटलेले. काळी पडलेली केळी. न निवडलेली मेथी, पिशवीतच पाणी सुटून काळी झालेली. अर्धा नारळ, कणकेचा गोळा, चार दिवसांची साय. आईच्या इन्सुलिनची बाटली बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली. रायझोबियमची दोन पाकिटं, मुदत संपलेली. कोंबड्यांच्या लशीची फोडलेली कुपी. आणि गाठी मारलेल्या कॅरीबॅगा, मी मोजल्या, अकरा. त्यातल्या चार उघडल्याशिवाय आत काय आहे ते घरातल्या एकालाही सांगता आलं नाही.

आता बघा, आपल्या भागात कोल्ड स्टोरेज कुणाला नवीन नाही. बेदाणा आपण तिथे ठेवतो, निर्यातीची द्राक्षं तिथूनच जातात. तिथे कसला माल, कुणाचा, कधी आत गेला, कुठल्या खोलीत आहे, सगळं लिहिलेलं असतं. बॉक्समधून हवा खेळेल अशी जागा सोडून थप्पी लावतात. दार उगाच उघडं ठेवलं तर माणूस ओरडतो. आणि घरचा फ्रीज? तो म्हणजे दार असलेला उकिरडा. मालाला जी शिस्त लावतो तीच पोराबाळांच्या अन्नाला का लावू नये, एवढंच आजचं म्हणणं आहे.

थंडी जंतू मारत नाही

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या. फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. मनासारखी ऊब मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब करा. तासात एकाचे आठ, चार तासांत चार हजारांवर, सात तासांत वीस लाखांवर. म्हणून दुपारचं कालवण संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवून मग फ्रीजमध्ये सारलं, तर आपण वाढलेला कळप थंड गोठ्यात नेऊन बांधला इतकंच झालं. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत आत गेलं पाहिजे.

पण उकळतं पातेलंही तसंच ढकलू नका. द्राक्ष तोडल्यावर आपण काय करतो? आधी प्री-कूलिंगमध्ये मालातली उष्णता काढतो, मग शून्य-एक अंशाच्या खोलीत साठवतो. गरम माल सरळ साठवणीच्या खोलीत नेला तर आधीचा गार मालही तापतो आणि आत पाणी सुटतं. घरातही तेच. मोठ्या पातेल्यातली आमटी पसरट भांड्यांत वाटा, भांडी थंड पाण्याच्या परातीत ठेवा, अधूनमधून ढवळा. वाफ गेली, भांड्याला हात लावता आला, की झाकण घालून आत. यात्रेला मटणाच्या रश्श्याचं मोठं डेग रात्रभर चुलीवर तसंच झाकून राहतं आणि सकाळी तोच रस्सा गरम करून पाहुण्यांना वाढला जातो. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होते ती सगळी दारूची नसते!

भाताचं तर वेगळंच आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. त्याची बीजं भात शिजला तरी मरत नाहीत. भात तासन् तास उबदार राहिला की ती बीजं रुजतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा फोडणी दिली, पुन्हा वाफवला तरी जात नाही. म्हणून 'गरम केला की झालं' हे भाताच्या बाबतीत खोटं आहे. उरलेला भात लगेच गार करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. नाहीतर सरळ म्हशीला घाला. आमटी-भाजी दोन दिवस, फार तर तीन. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही म्हणून मी दोनच सांगतो.

कुठल्या फळीवर काय

पुस्तकात आणि टीव्हीवर सांगतात, की कच्चं मटण सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा. हेतू बरोबर आहे, त्याचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळू नये. पण आपल्या गावाकडे बहुतेक घरांत एकदारी फ्रीज आहे. त्यात बर्फाचा कप्पा वर असतो, गारवा वरून खाली उतरतो. म्हणजे सगळ्यात थंड जागा बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे, आणि त्यामानाने ऊब खाली भाजीच्या खणात आणि दारात. म्हणून एकदारी फ्रीज असेल तर कच्चं मटण, मासे, कोंबडी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून त्या वरच्या ट्रेमध्येच ठेवा. पिशवीत नको, डब्यातच, गळता कामा नये. एक-दोन दिवसांत संपणार नसेल तर बर्फाच्या कप्प्यात. वितळवायचं तर रात्री भांड्यात घालून फ्रीजमध्येच खाली उतरवा, आणि एकदा वितळलेलं परत गोठवू नका.

दूध त्या ट्रेच्या लगतच्या फळीवर. दुधाची पिशवी दारात उभी करायची सवय मोडा. दार दिवसातून तीसदा उघडतं, तितक्यांदा त्या पिशवीला बाहेरचा झळा लागतो. दारात लोणचं, चटण्यांच्या बाटल्या, पिण्याचं पाणी ठेवावं. मधल्या फळ्यांवर शिजवलेलं अन्न, दही, लोणी. साय आठवडाभर साठवून तूप कढवणाऱ्यांनी ती बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, कडवट होत नाही. अंडी धुऊन ठेवू नका, धुतल्याने वरचं नैसर्गिक आवरण जातं. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा.

डबे पारदर्शक घ्या. नसतील तर झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख घाला. आमच्या वहिनीने पेन्सिल दोऱ्याने फ्रीजच्या दाराला बांधली आहे. जुनं पुढे, नवं मागे. सोसायटीच्या गोदामात पोती कशी आधी आलेली आधी उचलतात, तसं. आणि चपाती-भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, शाई अन्नाला लागते. हे वर्तमानपत्रही, वाचून झालं तरी, त्या कामाला नको.

फ्रीज किती गार आहे हे हाताने कळत नाही. साधा थर्मामीटर मिळतो, तो पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी ४ अंश किंवा खाली दिसला पाहिजे. जास्त असेल तर बटण एक आकडा वाढवा. तरी उतरत नसेल तर दाराचं रबर बघा. दारात नोट धरून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तर रबर ढिलं आहे. बर्फ पाव इंच साचला की फ्रीज बंद करून वितळवा. सुरी, खुरपं घालून बर्फ फोडू नका. आतल्या नळीला भोक पडलं तर गॅस गेला आणि खर्च अंगावर आला. फ्रीजच्या मागे भिंतीपासून वीतभर तरी जागा सोडा, आणि चुलीच्या खोलीत तो नसलेला बरा.

ज्याला फ्रीज नको आहे ते

फ्रीज भरलेला दिसला की घर भरल्यासारखं वाटतं, पण निम्मा माल आत नको असतो. बटाटा थंडीत ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होते, चव बदलते, तळताना काळपट पडतो. कांद्याला ओल लागते, तो मऊ पडून बुरशी धरतो. कांदा-बटाटा हवेशीर, अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि दोन्ही वेगळे. केळी तेरा अंशांच्या खाली काळी पडते, हे केळी पिकवणाऱ्या वखारवाल्याला विचारा. कच्चा आंबा, कच्चा टोमॅटो आधी बाहेर पिकू द्या. वांगी, काकडी, भेंडी जास्त थंडीने डागाळतात. त्यांना खालचा भाजीचा खण पुरे, तोही दोन-तीन दिवस. मध आत ठेवला की दाणेदार होतो, खराब होत नाही, पण ठेवायची गरजही नाही.

पालेभाजीचं उलट आहे, तिला गारवा हवा आणि ओलही हवी, पण पाण्याचे थेंब नकोत. मेथी, कोथिंबीर धुऊन ठेवू नका. निवडा, मुळं काढा, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळा आणि भाजीच्या खणात ठेवा. आणि पिकलेली फळं तिच्याजवळ ठेवू नका. कारण तुम्हाला आधीच माहीत आहे. छाटणीआधी पानगळीसाठी आपण इथेफॉन फवारतो. त्यातून जो इथिलीन वायू सुटतो, तोच वायू पिकलेल्या केळी, चिकू, पपई, आंब्यातूनही सुटतो. बागेत पानं गळावीत म्हणून पैसे मोजतो, आणि फ्रीजमध्ये फुकट तेच करून कोथिंबीर पिवळी करून घेतो!

ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा भाजीपाला जास्त निघतो, त्यांनी विटांचा शीतकक्ष करून पाहावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे पुसा संस्थेने, तो विकसित केला. त्याला वीज लागत नाही. झाडाखाली किंवा छपरात विटांचा एक थर अंथरायचा. त्यावर दुहेरी भिंत सव्वादोन फूट उंच रचायची, दोन भिंतींत तीन इंच फट ठेवायची आणि त्या फटीत नदीची वाळू भरायची. वाळू आणि विटा भिजवून काढायच्या, मग सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. वर गवताचं किंवा बारदानाचं ओलं झाकण. भाजी क्रेटमध्ये आत. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी राहतं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच कारण. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या कोरड्या हवेत हे चांगलं चालतं. शिराळ्याच्या पावसाळ्यात चालणार नाही, हवाच ओली असते. भाजीला ते उत्तम आहे, पण दूध, मटण, शिजलेलं अन्न त्यात ठेवू नका, तेवढा गारवा तिथे नसतो.

चीक ठेवा, वासरू वाचेल

दुभती जनावरं असणाऱ्यांनी बर्फाच्या कप्प्यातली थोडी जागा चिकासाठी राखावी, असं माझं मत आहे. गाय व्याल्यावर वासराला पहिल्या तास-दोन तासांत चीक मिळाला पाहिजे. वासराची रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच येते, आणि जसजसे तास जातात तसतशी ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद कमी होत जाते. पण कधी गाय दगावते, कधी पहिलारू गाय पान्हा सोडत नाही. अशा वेळी दुसऱ्या निरोगी गाईचा पहिल्या दिवसाचा चीक हाताशी असेल तर वासरू वाचतं. जास्त चीक निघाला की त्याचा सगळा खरवस करू नका. अर्ध्या लिटरच्या स्वच्छ बाटल्यांत, वर थोडी जागा सोडून, तारीख घालून गोठवा. लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवा. उकळू नका. उकळला की त्याचा खरवस होतो, आणि वासराच्या कामाची प्रथिनं गेली. वासराला पहिल्या दिवसात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा चीक लागतो. तीस किलोचं वासरू असेल तर तीन लिटर, दोन-तीन वेळा मिळून.

लाईट गेल्यावर

गावठाणात राहणाऱ्यांचं एक, आणि मळ्यात वस्ती करून राहणाऱ्यांचं दुसरं. शेतीच्या लाईनवर घर असेल तर आठ-आठ तास फ्रीज कपाटासारखा उभा असतो. दार उघडलं नाही तर फ्रीजमधला गारवा साधारण चार तास टिकतो. बर्फाचा कप्पा गच्च भरलेला असेल तर त्यातला माल त्याहून बराच जास्त वेळ गोठलेला राहतो. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, लाईट गेली की त्या खाली दुधाजवळ आणा. लाईट आहे की गेली हे बघायला दार उघडणारी माणसं मी पाहिली आहेत. खोलीतला दिवा बघा की!

रात्रभर लाईट गेली आणि सकाळी आली, तर फ्रीज पुन्हा गार होतो आणि काही झालंच नाही असं वाटतं. त्यासाठी एक युक्ती. वाटीत पाणी गोठवा, त्यावर एक रुपया ठेवून वाटी बर्फाच्या कप्प्यातच राहू द्या. रुपया वर असेल तर ठीक. रुपया बर्फात खाली गेलेला दिसला, तर मधे बर्फ वितळून परत गोठला आहे, आतलं मटण-मासे टाकून द्या. वासावर जाऊ नका, विषबाधा करणाऱ्या सगळ्या जंतूंना वास नसतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगली, पलूस, वाळव्याच्या नदीकाठी कितीतरी घरांत फ्रीज पाण्यात होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. पाणी ओसरल्यावर लोकांनी फ्रीज धुऊन काढले, पण आतल्या लोणच्याच्या बरण्या, तुपाचे डबे 'झाकण घट्ट होतं' म्हणून ठेवून घेतले. पुराच्या पाण्यात गावाची गटारं, मेलेली जनावरं, कृषी सेवा केंद्रातली औषधं, सगळं मिसळलेलं असतं. ते पाणी ज्याला लागलं ते अन्न टाकायचं, स्क्रूचं झाकण असलं तरी. फक्त कारखान्यातून सीलबंद आलेला न चेपलेला पत्र्याचा डबा साबणाने धुऊन, जंतुनाशकात बुडवून ठेवता येतो. आणि पाण्यातून निघालेला फ्रीज वायरमन किंवा मेकॅनिकने तपासल्याशिवाय प्लग लावू नका.

औषधं, लशी आणि बियाणं

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक, संजीवक, यातलं काहीही अन्नाच्या फ्रीजमध्ये नको, बंद बाटलीतलंही नको आणि 'फक्त आजची रात्र' म्हणूनही नको. कीटकनाशकं वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावीत, असं १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितलेलं आहे. मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतू नका. त्या बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण आणि उताऱ्याची माहिती हीच डॉक्टरांच्या कामाची असते. कुणाच्या पोटात औषध गेलंच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढत वेळ घालवू नका. बाटली लेबलसकट घेऊन दवाखाना गाठा.

१६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळलं. ते स्वयंपाकाच्या तेलातून गेलं होतं. सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक यांनी हे विसरू नये. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या कोठीत डाळ-तांदळाशेजारी उंदराचं औषध, फिनेल किंवा फवारणीचा पंप आहे का, ते महिन्यातून एकदा स्वतः दार उघडून बघा. रिकामे औषधाचे कॅन पाण्याला, तेलाला वापरले जातात का तेही बघा. औषधाचा कॅन कितीही धुतला तरी तो औषधाचाच. उरलेली खिचडी उद्यासाठी ठेवायची नाही, हेही स्वयंपाकीणबाईंना सांगून ठेवा.

लशीबद्दल थोडं. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या बहुतेक लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. लाळ्या-खुरकूत, आंत्रविषार यांच्या लशी गोठल्या की वाया जातात. मग ती टोचली काय आणि पाणी टोचलं काय. घरचा फ्रीज दार सारखं उघडण्याने वर-खाली होतो, म्हणून लस घरी साठवू नका. टोचायच्या दिवशी बर्फाच्या डब्यातून आणा आणि फोडलेली कुपी उरली तर टाकून द्या. एका ठिकाणी, गावाचं नाव नको, माणसांच्या लशीच्या फ्रीजमध्ये मी पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचा तरी डबा पाहिला. प्रत्येक पाण्याच्या घोटागणिक तिथल्या लशीला झळ लागते, हे तिथल्या मंडळींना मी हात जोडून सांगितलं. आपण गावकऱ्यांनीही तिथे थंड पाणी मागू नये.

इन्सुलिनचंही तसंच. ते फ्रीजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही. एकदा गोठलं की ते वापरायचं नाही. आमच्या आईची ती बाटली टाकावी लागली. आता तिचं इन्सुलिन मधल्या फळीवर, वेगळ्या लाल झाकणाच्या डब्यात असतं.

रायझोबियम, पीएसबी, ट्रायकोडर्मा यांना फ्रीज लागत नाही. ते जिवंत जंतू आहेत. सावलीत, गार कोपऱ्यात, रासायनिक खत आणि औषधांपासून लांब ठेवा, मुदतीच्या आत वापरा. तिखट-मिठाच्या फळीवर मात्र नकोत.

फ्रीजमध्ये एकच शेतीची वस्तू मी चालवून घेतो, ती म्हणजे घरचं देशी भाजीचं बियाणं. घेवडा, दोडका, वांगं, जे आई-आजीने राखलंय ते. बियाणं जितकं कोरडं आणि जितकं गार, तितकं ते जास्त जगतं. ओलावा एक टक्क्याने उतरला किंवा तापमान साडेपाच अंशांनी उतरलं, की त्याचं आयुष्य साधारण दुपटीने वाढतं, असा बियाणेशास्त्रातला ढोबळ ठोकताळा आहे. पण आधी सावलीत खडखडीत वाळवा, काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून, नाव-तारीख घालून ठेवा. औषध लावलेलं विकतचं बियाणं मुळीच नको. आणि पेरायला काढाल तेव्हा बरणी लगेच उघडू नका. गार बियाण्यावर हवेतली वाफ दवासारखी बसते आणि वर्षभर राखलेला कोरडेपणा पाच मिनिटांत जातो. रात्रभर बरणी बंदच बाहेर ठेवा, सकाळी उघडा.

आमच्या घरी त्या रात्रीनंतर जुनी पत्र्याची पेटी गोठ्यामागच्या खोलीत, पोरांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर बसवली आणि कुलूप घातलं. औषधं तिथे. जीए भाऊ आता त्या दिवसाला लागेल तेवढंच भिजवतो, आधी घडांचा अंदाज घेतो, मग पावडर मोजतो. पेटीची किल्ली आईच्या कमरेला असते. फवारणीच्या दिवशी सकाळी तिच्याकडे मागायला जावं लागतं, आणि कुठलं औषध, कशावर, किती, हे सांगितल्याशिवाय ती देत नाही.